बंग बू उलगडताना: प्रार्थनाकीटक शैलीतल्या चालींचा लढाईतला अर्थ कसा तपासला

प्रार्थनाकीटक शैलीचा, म्हणजे तांगलांग छ्वान या चिनी युद्धकलेचा, फॉर्म (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या चाली) पाठ होणं वेगळं आणि त्यातली चाल समोरच्या माणसावर चालणं वेगळं. क्लासमध्ये बहुतेकदा पहिलंच शिकवतात आणि दुसऱ्याबद्दल विचारलं की ‘पुढे कळेल’ असं उत्तर मिळतं. ‘बंग बू’ हा या शैलीतला जुना फॉर्म आहे, बहुतेक उत्तरी शाखांत तो सापडतो. २०२४ मध्ये त्याची एकेक चाल उलगडून पाहिली. आधी पुण्यात, मग हाँगकाँगला आणि शेवटी चीनच्या शांदोंग प्रांतातल्या लाययांगला. कुठे काय अडलं, किती खर्च आला, कोणते कागद लागले, हे सगळं क्रमाने लिहितो.

जानेवारीत काम फक्त कागदावर होतं. पूर्ण फॉर्मचं चित्रण समोरून आणि बाजूने असं दोनदा केलं आणि पाऊल जमिनीवर टेकलं की एक ओळ, या हिशोबाने त्याचे तुकडे पाडले. हातांवरून तुकडे पाडायला गेलात तर फसाल, कारण हात सलग फिरत राहतात आणि चाल कुठे संपली ते दिसत नाही. पाय मात्र थांबतात. प्रत्येक ओळीत पुढचा पाय कोणता, वजन कुठे, पुढचा हात, मागचा हात आणि नजर एवढंच लिहायचं. ‘ब्लॉक’, ‘पंच’ असले शब्द या टप्प्यावर वहीत येऊच द्यायचे नाहीत. एकदा ‘ब्लॉक’ लिहिलं की पुढचे सहा महिने डोळ्यांना तिथे ब्लॉकच दिसतो.

दुसऱ्या रकान्यात चालीचं चिनी नाव. ते शिक्षकांकडून मिळवाच. या शैलीचे बारा शब्द ठरलेले आहेत: गोउ, लोउ, त्साय, ग्वा, दियाओ, जिन, बंग, दा, झान, न्यान, थ्ये, खाओ. आकडा घालणं, ओढून घेणं, झटक्यात तोडणं, वर टांगणं, मनगट चोरून धरणं, आत शिरणं, फोडणं, मारणं, चिकटणं, चिकटून राहणं, अंगाला लागणं, अंग टेकून रेटणं. शाखेप्रमाणे यादी थोडी बदलते. नवशिक्यांचा गोंधळ असा होतो की ते एका चालीला एक शब्द चिकटवतात. प्रत्यक्षात एकाच चालीत तीन शब्द एकामागोमाग येतात, आणि त्यांचा क्रम उलटला तर चाल बसत नाही.

फेब्रुवारीपासून जोडीदार. इथे खर्च फार नाही, निवड मात्र नीट करावी लागते. बोटं मोकळी राहतात असे हातमोजे घ्यावेत, कारण बॉक्सिंगच्या बंद मोज्यांत हाताचा आकडा (बोटं आणि मनगट वळवून केलेला हुक) पडतच नाही आणि मग ‘ही चाल खोटीच आहे’ असा चुकीचा निकाल निघतो. आम्हाला जोडी साधारण बाराशे रुपयांना पडली. शिवाय दातांचं गार्ड आणि दोघांना कोपरापासून मनगटापर्यंतचे पॅड. नखं कापलेली, अंगठी आणि घड्याळ काढलेलं, आणि एकाने तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला. घामेजलेल्या उघड्या हातावर आणि बाहीवर पकड अगदी वेगळी लागते, दोन्ही तपासायला हवं.

चालीचा अर्थ तपासायच्या पायऱ्या अशा ठेवल्या. आधी समोरच्याने हात लांब करून तसाच ठेवायचा. मग पंच मारून हात लगेच परत घ्यायचा. मग पहिल्या हातापाठोपाठ दुसरा हात यायचा. शेवटी काय येणार ते न सांगता. यूट्यूबवरचे बहुतेक ‘ॲप्लिकेशन’ (चालीचा लढाईतला वापर दाखवणारे व्हिडिओ) पहिल्या पायरीवर संपतात, म्हणूनच ते इतके सुरेख दिसतात. हात परत जायला लागला की निम्मे अर्थ गळून पडतात. ही चाळणी एप्रिल-मेमध्ये लागली आणि अर्थांची यादी निम्म्याच्या खाली आली. मनाला थोडं लागतं, पण ते होऊ द्यावं.

गोउ-लोउ-त्सायचंच उदाहरण घ्या. समोरच्याने उजवा पंच तोंडावर मारला. तुमचा उजवा हात आधी डावीकडे जाऊन मग उजवीकडे येतो, म्हणजे त्याच्या हाताच्या बाहेरच्या अंगाला लागतो. हा गोउ. डावा हात त्याच्या कोपराकडे येतो, हा लोउ. मग उजवा हात मनगट धरून स्वतःच्या उजव्या कमरेकडे खाली तोडतो, हा त्साय. वेगाने येणारं मनगट हवेतच आकड्याने टिपायचं, असा अर्थ लावला तर ते कधीच जमत नाही. मूठ मुळी पकडायची नसतेच. आपल्या मनगटाने त्याच्या हाताला मध्यावर स्पर्श करायचा आणि तो हात परत घेतो तेव्हा घसरत जायचं. अंगठ्याच्या बुंध्याशी त्याचा हात रुंद होतो, तिथे आकडा आपोआप अडतो. पकड शेवटच्या तीन बोटांची आणि मनगटाच्या वळणाची असते. तर्जनी आणि अंगठ्याचा चिमटा दिसायला ठळक असतो, पण त्याच्यावर भार टाकला की बोट मुरगळतं.

तिसऱ्या पायरीवर याच चालीत प्रश्न उभा राहिला. आपले दोन्ही हात त्याच्या एका हातावर, मग त्याचा डावा हात कोण बघणार? दोन अर्थ समोर होते. एक, तिन्ही क्रिया त्याच्या उजव्या हातावरच करायच्या. दुसरा, लोउ हा त्याच्या येणाऱ्या डाव्या पंचासाठी आहे. दोन्ही करून पाहिले. पहिला अर्थ चालतो, पण एका अटीवर: आपला डावा हात त्याच्या कोपराच्या सांध्याच्या वर, चारेक बोटं दंडावर लागला पाहिजे. तिथून रेटलं की त्याचा दंड त्याच्याच छातीवर आडवा होतो, खांदा वळतो आणि डावा हात स्वतःच्या उजव्या हातामागे अडकतो. तोच हात कोपराच्या खाली लागला, तर तो सहज कोपर दुमडतो आणि डावा पंच येऊन बसतो. फरक वीतभराचाही नाही. दुसरा अर्थ तेव्हाच कामाला येतो, जेव्हा गोउ नुसता स्पर्श करून सुटतो. म्हणून वहीत दोन्ही ठेवले, कोणता कधी वापरायचा ते लिहून.

सावधगिरीची एक गोष्ट. त्साय पूर्ण जोराने केला तर समोरच्याची मान मागेपुढे हिसकते. सांगितल्याशिवाय करू नये, आणि जोडीदाराने हनुवटी छातीशी ठेवावी. कोपराच्या वर दाब देतानाही हाताच्या सपाट बाजूने हळूहळू वाढवावा, झटका देऊ नये. त्याने हाताने थोपटून थांबायची खूण केली की त्याच क्षणी सोडायचं.

जुलैपर्यंत वहीत जे उरलं त्यातल्या बऱ्याच चाली हातांपुरत्या जमत होत्या, पण पाय बुचकळ्यात टाकत होते. फॉर्ममध्ये पुढची टाच जमिनीवर आणि चवडा वर, असा सप्ततारा स्टान्स (उभं राहण्याची ठेवण) पुन्हा पुन्हा येतो. वजन साधारण ६० ते ७० टक्के मागच्या पायावर. हा पाय तिथे का आहे, याचं उत्तर देता येईना, म्हणून प्रवासाची तयारी केली.

ऑगस्टमध्ये कागदपत्रं. भारतातून चीनला थेट विमानं तेव्हा बंदच होती, त्यामुळे हाँगकाँगमार्गे जायचं ठरलं. हाँगकाँगमध्ये उतरायचं असेल तर भारतीय पासपोर्टधारकाने आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, सहा महिने चालते आणि एका खेपेला जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. मिळालेली पावती पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून सोबत ठेवायची, नुसती मोबाइलवर दाखवून भागेल असं धरू नका. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तस्संच भरा.

चीनचा व्हिसा मुंबईहून. ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रत, पासपोर्ट किमान सहा महिने वैध आणि कोरी पानं असलेला, ३३ बाय ४८ मिलिमीटरचा फोटो, विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण, बँकेचं स्टेटमेंट. फोटोचं माप आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोपेक्षा वेगळं आहे. स्टुडिओत मिलिमीटर सांगूनच काढून घ्या, अर्ज तिथेच अडकतात. व्हिसाची फी आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्जात मागची नोकरी, प्रवास, घरच्यांची माहिती असं बरंच काही विचारतात, एक संध्याकाळ राखून ठेवावी. काही दिवस हॉटेलात राहून एखाद्या शिक्षकाकडे तास घ्यायचे एवढाच बेत असल्याने पर्यटक व्हिसा घेतला. एखाद्या शाळेत नाव नोंदवून महिनोन् महिने राहणार असाल तर विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि त्याला शाळेचं प्रवेशपत्र हवं.

तारखा निवडताना १ ते ७ ऑक्टोबर टाळले. चीनमध्ये ती राष्ट्रीय सुट्टी असते, गाड्या भरलेल्या आणि शिक्षक गावी. त्या आठवड्यानंतर निघालो.

हाँगकाँगला थांबण्याला कारण होतं. या शैलीच्या सप्ततारा नावाच्याच शाखेचे शिक्षक लुओ ग्वांगयू मूळचे शांदोंगमधल्या फंगलायचे. १९१९ मध्ये ते शांघायच्या जिंगवू या युद्धकला संस्थेत शिकवायला गेले, आणि पुढे त्यांची परंपरा हाँगकाँगमध्ये रुजली. त्या परंपरेत बंग बूची दोघांनी करायची आवृत्ती शिकवतात: एक जण फॉर्म करतो, दुसरा त्याला साजेसे हल्ले देतो. ती पाहायला मिळाली तर सोडू नका, पण तिच्याकडून काय घ्यायचं ते ठरवून जा. ‘अर्थ’ म्हणून ती फार उपयोगाची नाही, कारण दुसरी बाजू फॉर्मला सोयीचेच हल्ले देते. अंतर मात्र ती पक्कं सांगते. दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या किती जवळ येतात हे पाहिलं आणि पुण्यात आम्ही सगळंच हातभर लांबून तपासत होतो हे उघड झालं. तेवढ्या लांबून पुढची टाच समोरच्याच्या पायापर्यंत पोचणारच नाही. तेव्हापासून पहिली कसोटी हीच लावतो: माझा पुढचा पाय त्याच्या पायाला लागतोय का? लागत नसेल तर अर्थ कितीही छान असो, अंतर चुकलंय.

छिंगदाओला विमानाने आणि तिथून रेल्वेने लाययांग. रेल्वेचं तिकीट सरकारी ॲपवर पासपोर्टने काढता येतं, पण पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, ती भारतातूनच उरकून ठेवा. स्थानकात स्वयंचलित फाटक आपला पासपोर्ट घेईलच असं नाही, माणूस बसलेल्या रांगेत जावं. पैशांसाठी अलीपे किंवा वीचॅटला व्हिसा वा मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ३ टक्के आकार लागतो. गुगलचे नकाशे विसरा, चिनी नकाशाचं ॲप आणि भाषांतराचं ॲप आधीच उतरवून घ्या. एका छोट्या हॉटेलने परदेशी पाहुणे घेत नाही म्हणून दारातून परत पाठवलं, तेव्हा आरक्षणाआधी निरोप पाठवून विचारून घेतलेलं बरं. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंदणी ते करतात. कुणाच्या घरी उतरलात तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः नोंद करावी लागते, घरमालकाला बरोबर नेलेलं सोयीचं. मिळालेली चिठ्ठी जपून ठेवा.

लाययांग बाहेर ओळखलं जातं ते तिथल्या नाशपातीसाठी. पण ली खुनशान, वांग यूशान आणि त्स्वेइ शोउशान हे ‘लाययांगचे तीन पर्वत’ म्हणून नावाजलेले शिक्षक इथलेच, आणि २००८ मध्ये तांगलांग छ्वान चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेलं तेव्हा त्यात लाययांगचं नाव होतं. शैलीचा मूळ पुरुष म्हणून ज्याची कथा सांगतात त्या वांग लांगचा काळ कोणी सोंग राजवटीचा म्हणतं, कोणी मिंग राजवटीच्या अखेरचा. त्या वादात पडून चाल काही सुधारत नाही.

इथल्या एका शिक्षकांशी तासाला २०० युआन ठरले, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तेवीस-चोवीसशे रुपये. महाग वाटतं, पण प्रश्नांची वही तयार असेल तर एका तासात खूप होतं. त्यांना फॉर्म पूर्ण करून दाखवण्यात वेळ घालवू नका. ते प्रत्येक स्टान्स सुधारत बसतील आणि तास संपेल. सरळ विचारा, ‘या चालीचं छाय झाओ दाखवाल?’ चालीचा जोडीने केलेला उलगडा म्हणजे छाय झाओ. हा शब्द सगळ्यांना कळतो, चीनच्या अधिकृत वूशू श्रेणी-पद्धतीच्या अभ्यासक्रमातही एकट्याचा फॉर्म, जोडीचा फॉर्म आणि छाय झाओ असे तीन भाग आहेत.

पहिला प्रश्न ‘प्रार्थनाकीटक सिकाडाला पकडतो’ या चालीचा. डावा पाय पुढे सप्तताऱ्यात, डावा आकडा पुढे, उजवा आकडा डाव्या कोपराजवळ. या शैलीचं चित्र म्हणून सगळीकडे छापतात ती हीच मुद्रा. पुढचा हात मनगट पकडतो आणि मागचा कोपर, असं बघताक्षणी वाटतं. नीट पाहिलं तर उलटं आहे. समोरच्याचा हात तुमच्याकडे लांब झालेला असतो, म्हणजे त्याचं मनगट तुमच्या जवळ आणि कोपर लांब. मग तुमच्या जवळचा, म्हणजे मागचा उजवा हात मनगटावर, आणि पुढचा डावा कोपराच्या वर. एवढं पुण्यातच सुटलं होतं. पाय अडला होता. डावी टाच त्याच्या उजव्या टाचेमागे ठेवून हात उजव्या कमरेकडे ओढला की तो पुढे येतो, आणि मागे ठेवलेल्या टाचेचा काहीच उपयोग होत नाही. तो नुसता तुमच्या अंगावर येतो.

शिक्षकांनी माझा हात ओढला तो जेमतेम वीतभर, आणि थांबले. ओढलं गेलेलं शरीर आपसूक मागे जायला बघतं. ते मागे जायला लागलं, पुढच्या पायावरचं वजन हललं आणि त्याच वेळी त्यांनी टाच जमिनीला घासत स्वतःकडे खेचली. डावा हात कोपरावरून सुटून गळ्याच्या बाजूला लागला. मला पाडायला जोर लागलाच नाही, कारण मागे जाण्याचं अर्धं काम माझंच होतं. ओढणं आणि पाय हे एका वेळी करायचे नसतात, त्यांच्या मध्ये समोरच्याची प्रतिक्रिया असते. फॉर्ममध्ये ती प्रतिक्रिया दिसत नाही, कारण तिथे समोर कोणी नसतं. दोन हालचाली चिकटून एक मुद्रा झालेली असते. चवडा वर का, हेही तेव्हा कळलं. चवडा वर असला की पोटरी ताणलेली राहते आणि टाच आकड्यासारखी खेचता येते. तो खाली टेकवला की पाय नुसताच उभा राहतो.

यानंतर वहीतल्या अडलेल्या चाली याच चष्म्यातून पुन्हा पाहिल्या. ‘पहिल्या अर्ध्या चालीला तो काय उत्तर देईल, आणि दुसरा अर्धा भाग त्या उत्तरावर बसतो का?’ कोपराच्या चाली लगेच सुटल्या. मनगट धरलं गेलं की आपण सोडवायला मागे ओढतो, तो अजून घट्ट धरून पुढे येतो, आणि दुमडलेलं कोपर त्याच्या वाटेत उभं असतं. सरावात कोपर दोन-तीन बोटं आधी थांबवायचं, पॅड असलं तरी.

ठोशांच्या लक्ष्यांसाठी शिक्षकांनी ‘आठ ठिकाणी मारा, आठ ठिकाणी मारू नका’ ही जुनी यादी काढली. मारायच्या यादीत पहिल्या भुवया आणि डोळे. न मारायच्या यादीत पहिली कानशिलं, मग गळा. आता फॉर्ममधला गोल फिरून येणारा छ्वान च्वेइ ठोसा सरळ कानशिलाच्या उंचीवर संपतो. विसंगती वाटते, पण यादी सांगते की ही जागा जिवावर बेतणारी आहे. जोडीसोबत तो ठोसा जबड्याच्या कडेला, तळव्याने, आणि समोरच्याचा हात तिथे संरक्षणाला असताना करायचा.

काही चालींचा अर्थ विचारल्यावर शिक्षक हसून ‘इथे नुसतं वळायचं’ म्हणाले. प्रत्येक हालचालीत फेक किंवा सांधा मोडण्याचं गुपित असतं, हा समज बाहेरचा आहे. काही वळणं जागा संपते म्हणून आहेत, काही पुढच्या चालीला पाय बरोबर यावा म्हणून. अशा ओळींपुढे रेघ मारून पुढे गेलो.

नोव्हेंबरात पुण्यात परत आल्यावर एक काम उरलं होतं. फॉर्म एकाच बाजूचा असतो, आणि वर लिहिलेलं सगळं समोरच्याचा उजवा पाय पुढे असताना चालतं. तो डावा पाय पुढे ठेवून उजवा पंच मारत असेल तर? हात तसेच लागतात, पण त्याचा उजवा पाय मागे असल्याने आपली डावी टाच तिथे पोचत नाही. ती त्याच्या दोन पायांच्या मध्ये, डाव्या टाचेच्या आतल्या अंगाला पडते. तिथूनही खेचता येतं, पण आता आपण त्याच्या बाहेर नाही, समोर आहोत, आणि त्याचा डावा हात मोकळा आहे. अशा वेळी पुढचा हात गळ्याकडे न नेता त्याच्या डाव्या दंडावर ठेवावा लागतो, आणि ओढण्याआधी अर्धं पाऊल डावीकडे घ्यावं लागतं. ते अर्धं पाऊल फॉर्ममध्ये नाही. वहीत त्या ओळीसमोर ते वेगळ्या शाईने लिहून ठेवलं आहे, आणि सध्या चौथ्या पायरीवर, म्हणजे काय येणार ते न सांगता केलेल्या हल्ल्यावर, ते तपासणं चालू आहे.